पेटी नको, सुटे बोर्ड द्या : जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद,
तसेच जिल्हा नियोजन समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : शाळांसाठीच्या रोबोटिक्स पेट्यांची दुसऱ्या टप्प्यातील खरेदी थांबवून त्याच निधीतून सुटे मायक्रोकंट्रोलर बोर्ड (प्रोग्रॅम टाकता येणाऱ्या छोट्या चिपचे बोर्ड) व भाग देण्याबाबत.

महोदय,

पहिल्या टप्प्यातल्या रोबोटिक्स पेट्या बहुतेक शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात पडून आहेत आणि त्याच पेट्यांचा दुसरा टप्पा मंजुरीला गेला आहे. त्याबरोबर शाळांना एक पत्रही आले : पेटीतील भाग सुटे करू नयेत, बाहेरचे भाग जोडू नयेत, तसे केल्यास वॉरंटी रद्द होईल आणि नुकसानीची जबाबदारी शाळेची राहील. इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे पण काही उघडायचे नाही, ही अट मुकाट्याने मान्य करणे आम्हाला जमणार नाही. म्हणून हे पत्र आपल्या टपालात देतानाच सर्वांसमोरही ठेवत आहोत.

आम्ही म्हणजे तालुक्यातले विज्ञान शिक्षक, आयटीआयचे निदेशक आणि बाजारपेठेत टीव्ही, मोबाइल, मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करणारे कारागीर. पेटी शिकवायची आम्ही, बंद पडली की ती येते आमच्याच टेबलावर, आणि पेटीला हात लावू देत नाहीत म्हणून सुटा एलईडी, सुटी मोटार मागत मुले येतात तीही आमच्याकडे. पुरवठादाराशी आमचे वैर नाही. दुसऱ्या कोणाचा माल खपवायचा आहे असेही नाही. खाली सुचवलेले बोर्ड डझनावारी कारखाने बनवतात आणि कोणत्याही दुकानातून घेता येतात.

आता तक्रारी.

पहिली तक्रार आतल्या मालाची. पेटीतल्या मुख्य बोर्डाचे रंगीत प्लास्टिक काढले की आत एटीमेगा३२८पी ही चिप दिसते. सोळा मेगाहर्ट्झ, बत्तीस किलोबाइट प्रोग्रॅमसाठी, दोन किलोबाइट रॅम. अर्डुइनो या खुल्या नकाशाच्या मालिकेतल्या उनो आणि नॅनो बोर्डांवर वर्षानुवर्षे हीच चिप वापरली गेली. अंतर मोजणारा जो ‘स्मार्ट सेन्सर’ म्हणून दिला आहे, तो आतून एचसी-एसआर०४ आहे, बाजारात ऐंशी-नव्वद रुपयांना मिळणारा. यात वावगे काही नाही, चिप चांगली आहे, सेन्सरही शिकायला ठीक आहे. वाईट आहे ते यावर चढवलेले आवरण. साध्या पिनांच्या जागी टेलिफोनच्या वायरीसारखे खटका असलेले सॉकेट बसवले आहेत, आणि त्यांतल्या तारांची मांडणी त्या पेटीपुरतीच आहे. मुलांच्या हातात पहिल्यांदा मोडतो तो हा प्लास्टिकचा खटका. तो मोडला की वायर सैल बसते, सेन्सर मधूनच शून्य दाखवतो आणि चूक प्रोग्रॅममध्ये आहे असे समजून अख्खी तासिका जाते. ती वायर बाजारात मिळत नाही. पुरवठादाराकडे मागितली तर सुटी मिळत नाही, ‘मॉड्यूल’ घ्यावे लागते. साध्या पिनांचा बोर्ड असता तर दीड रुपयाची जंपर वायर (पिनेवर नुसती सरकवायची सुटी वायर) बदलून काम पुढे गेले असते.

दुसरे, सॉफ्टवेअर. पेटीचे अॅप उघडायला प्रत्येक वेळी लॉगिन लागते आणि लॉगिनला इंटरनेट. ज्या शाळेत रेंज फक्त पटांगणातल्या एका कोपऱ्यात येते, तिथे हे अॅप म्हणजे अडथळाच आहे. शिवाय परवाना वर्षभराचा. वर्ष संपले की बोर्ड धडधाकट असूनही त्यात नवा प्रोग्रॅम टाकता येत नाही. याउलट अर्डुइनोचे मोफत सॉफ्टवेअर एकदा पेन ड्राइव्हवर आणले की इंटरनेट लागत नाही. शाळांत जुन्या संगणक योजनेतली विंडोज ७ ची यंत्रे अजून आहेत. त्यांच्यावर नवी २.० मालिका चालत नाही, तिला ६४ बिटचे विंडोज १० लागते. पण १.८.१९ ही जुनी आवृत्ती या यंत्रांवर व्यवस्थित चालते. तिच्यासोबत सीएच३४० (स्वस्त बोर्डांवरची यूएसबी जोडणारी चिप) हिचा ड्रायव्हर तेवढा पेन ड्राइव्हवर ठेवायचा. ईएसपी३२ हा वायफायवाला बोर्ड वापरायचा असेल तर त्याच्या फाइली जड असतात, त्या प्रत्येक शाळेत डाउनलोड करत बसू नये. एका संगणकावर त्या घेऊन, वापरकर्त्याच्या अॅपडेटा फोल्डरमधले अर्डुइनो१५ नावाचे आख्खे फोल्डर दुसऱ्या संगणकावर त्याच जागी उतरवले की काम होते. सॉफ्टवेअरची आवृत्ती मात्र दोन्हीकडे एकच हवी.

तिसरी तक्रार ऊन. पेटी बनवणाऱ्याने विदर्भाचा उन्हाळा पाहिलेला दिसत नाही. तापमानासाठी दिला आहे डीएचटी११. त्याची मर्यादा ० ते ५० अंश आणि चूक दोन अंश इकडे-तिकडे. आपल्याकडे चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, वर्धा, अकोला येथे सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो; टिनाच्या छताखाली त्याहून जास्त. आणि मुलाला सगळ्यात आधी मोजायचे असते ते आपल्या घराच्या टिनाखालचे तापमान! नेमके तिथेच हा सेन्सर हात टेकतो. त्याऐवजी डीएस१८बी२० घ्यावा. उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत चालतो, उणे १० ते ८५ च्या दरम्यान चूक अर्ध्या अंशाची, आणि स्टीलच्या नळीत बंद केलेला मिळतो, म्हणजे विहिरीच्या पाण्यात, शेणखताच्या ढिगात, कुठेही खुपसता येतो. त्याला डेटा आणि पाच व्होल्टच्या तारेमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावावाच लागतो. स्क्रीनवर उणे १२७ आले तर वायर सुटली आहे किंवा हा रेझिस्टर विसरला आहे. थेट ८५ आले तर मापन पूर्ण होण्याआधीच वाचले. पूर्ण बारीक मापनाला पाऊण सेकंद लागतो. चूक कशी शोधायची हे शिकवायला इतका स्वस्त आणि इतका स्पष्ट बोलणारा सेन्सर दुसरा नाही.

त्याच उन्हाचा दुसरा बळी म्हणजे पेटीतली लिथियम बॅटरी. सर्वसाधारण लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे बनवणारेच सांगतात. कपाटात महिनोन्महिने पडून त्याचे व्होल्टेज अडीचच्या खाली गेले की तो पुन्हा नीट चार्ज होत नाही, जबरदस्तीने केला तर फुगतो. फुगलेले सेल शाळांच्या कपाटांत आहेत, बंद खोलीत, कागदांच्या गठ्ठ्यांशेजारी. हे आधी बाहेर काढायला सांगा. बाकीच्या मागण्यांचा निर्णय होईल तेव्हा होवो. बोर्ड चालवायला मोबाइलचा पाच व्होल्टचा चार्जर पुरतो आणि तो घरोघरी आहे. चाकांवर चालणारी रोबो गाडी करायची तर तिच्यासाठी चार रिचार्जेबल पेन्सिल सेल घ्यावेत. पॉवर बँक वापरावी असे वाटेल, पण एकटा नॅनो इतका थोडा करंट घेतो की बऱ्याच पॉवर बँका ‘काही जोडलेलेच नाही’ असे समजून अर्ध्या-एक मिनिटात बंद होतात.

चौथी तक्रार मार्चएंडची, आणि ती पेटी बनवणाऱ्याची नाही, आपल्या कार्यालयाची आहे. पुरवठा मार्चअखेर होतो कारण निधी मार्चअखेर खर्ची पडायचा असतो. तेव्हा शाळेत परीक्षा, मग निकाल, मग सुट्टी. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित राज्याच्या मागून, जूनच्या शेवटाकडे उघडतात. पेटी प्रत्यक्ष वर्गात जायला जुलै उजाडतो. वॉरंटी मात्र पोच दिल्याच्या तारखेपासून मोजली जाते. वर्षातले तीन महिने असे पेटी न उघडताच संपतात.

पाचवी गोष्ट या सगळ्यांच्या मुळाशी आहे, म्हणून जरा सविस्तर. पेट्या कुलपात का आहेत? शिक्षक आळशी आहेत म्हणून नव्हे. पेटी डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ मालाच्या नोंदवहीला चढते. एकदा चढली की तिच्यातला प्रत्येक तुकडा मुख्याध्यापकांच्या नावावर. ऑडिटला एक सेन्सर कमी भरला तर वसुली निघेल ही भीती आणि जळालेला भाग काढून टाकायचा तर निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून वजा करण्याचा प्रस्ताव, समिती, मंजुरी. दोन रुपयांच्या एलईडीसाठी हे कोण करील? मग सोपा मार्ग म्हणजे पेटीला कोणी हात लावायचा नाही. ‘काय हाय जी याच्यात?’ असे विचारणाऱ्या पोराला ती काचेतून दाखवायची, तपासणीच्या दिवशी टेबलावर मांडायची आणि पुन्हा कुलूप. मुख्याध्यापकांच्या जागी कोणीही असते तरी हेच केले असते.

पण हा विषय भाग जाळल्याशिवाय येत नाही. एलईडीला रेझिस्टर न लावता जोडला की तो एकदा लख्ख पेटतो आणि जातो. त्यानंतर २२० ओहम का लावायचे हे सांगावे लागत नाही. मोटार थेट पिनला जोडली की ती पिन मरते, कारण या चिपची एक पिन जास्तीत जास्त ४० मिलिअँपिअर सोसते आणि तिच्याकडून वीसच्या वर घेऊ नये. साधी खेळण्यातली मोटार सुरू होतानाच त्याच्या कितीतरी पट मागते. तीनशे रुपयांचा बोर्ड असेल तर शिक्षक हे होऊ देतो, झाल्यावर मल्टिमीटर हातात देतो आणि कुठली पिन गेली ते शोधायला लावतो. हजारोंची पेटी असेल तर मुलाचा हात धरतो. हाताला काम देऊन शिकवायचे हा विचार वर्ध्यातच १९३७ साली मांडला गेला. विदर्भातल्या शिक्षण खात्याला तो आम्ही सांगावा असे नाही.

किरकोळ तक्रारी आणखी आहेत. पुस्तिका फक्त इंग्रजीत आहे. प्रशिक्षण एका दिवसाचे, त्यातही पुरवठादाराचा माणूस काळ्या पट्टीवरून गाडी चालवून दाखवतो आणि शिक्षकांच्या हाताला एक वायर लागत नाही. ती गाडी उद्घाटनाच्या फोटोत छान येते, हे मान्य.

पेटीऐवजी काय घ्यावे, त्याचा हिशेब मांडतो. दोन विद्यार्थ्यांत एक संच धरला आहे, भाव आजच्या किरकोळ बाजारातले, ढोबळ :

नॅनो जातीचा बोर्ड, पिना सोल्डर केलेला, डेटा केबलसह : ३०० रुपये
८३० छिद्रांचा ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचून जोडायची पाटी) : ८०
जंपर वायरी, दोन प्रकारच्या चाळीस-चाळीस : १२०
दहा एलईडी, २२० ओहमचे वीस व १० किलोओहमचे दहा रेझिस्टर : ४०
प्रकाश ओळखणारे दोन एलडीआर, चार बटणे, एक बझर, एक पोटेन्शिओमीटर : ६०
डीएस१८बी२०, नळीतला, ४.७ किलोओहम रेझिस्टरसह : ११०
एचसी-एसआर०४ : ९०
एसजी९० सर्वो मोटार (सांगितलेल्या कोनात फिरणारी) : ११०
ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर : ९०
एका चॅनेलचा पाच व्होल्टचा रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) : ६०

एकूण १,०६० रुपये. चाळीस मुलांच्या वर्गाला वीस संच, म्हणजे २१,२००. वीस टक्के जादा माल जाळायला आणि हरवायला धरला तर २५,४४०. त्यावर चार ईएसपी३२ बोर्ड १,८००, तीन मल्टिमीटर ९००, दोन सोल्डरिंग आयर्न स्टँड व तारेसह १,०००, पाच व्होल्ट-दोन अँपिअरचे पाच अॅडॉप्टर ७५०. सगळे मिळून २९,८९०. वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हातात काही ना काही येते. पहिल्या टप्प्यात एका शाळेमागे किती खर्च झाला आणि त्यात किती मुलांचे हात लागले, हा आकडा आपल्याकडे आहे; तो या आकड्याशेजारी ठेवून पाहावा.

स्वस्त बोर्ड निर्दोष असतात असा आमचा दावा नाही. नेहमीच्या खोडी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे उद्या ‘माल खराब निघाला’ म्हणून योजना गुंडाळायला नको.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती केबल. बऱ्याच केबली फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो, संगणकाला बोर्ड दिसत नाही. केबल बदलून पाहिल्याशिवाय ड्रायव्हरच्या मागे लागू नये. दुसरी खोड जुन्या बूटलोडरची, म्हणजे नवा प्रोग्रॅम आत घेणाऱ्या चिपमधल्या छोट्या प्रोग्रॅमची. नॅनोच्या स्वस्त बोर्डांत हे सर्रास असते : पोर्ट बरोबर, ड्रायव्हर बरोबर, तरी प्रोग्रॅम चढवताना ‘नॉट इन सिंक’ अशी ओळ पुन्हा पुन्हा येते. टूल्स मेनूत प्रोसेसरच्या यादीतला ‘ओल्ड बूटलोडर’ हा पर्याय निवडला की चढतो. बूटलोडरच उडाला असेल तर दुसऱ्या उनोवरून सहा तारांनी तो पुन्हा घालता येतो. त्या वेळी प्रोग्रॅमर म्हणून वापरलेल्या उनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा. कपॅसिटर विसरला की उनो स्वतःच रीसेट होत राहतो.

सर्वो मोटार बोर्डाच्या पाच व्होल्टवर चालवू नये. ती अडली की अर्ध्या अँपिअरहून जास्त ओढते, व्होल्टेज पडते, बोर्ड रीसेट होतो आणि मूल समजते की प्रोग्रॅम पहिल्यापासून चालतोय. वेगळा अॅडॉप्टर द्यावा आणि दोघांचे ग्राउंड जोडावे. हे ग्राउंड जोडणे हमखास राहते. ईएसपी३२ हा ३.३ व्होल्टचा बोर्ड आहे. एचसी-एसआर०४ ची इको पिन पाच व्होल्ट देते, म्हणून मध्ये एक आणि दोन किलोओहमची जोडी लावून ते कमी करावे. ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ या पिना फक्त वाचायला आहेत, तिथे एलईडी पेटणार नाही. वायफाय चालू असताना त्याच्या दुसऱ्या एडीसीच्या (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाच्या) पिनांवर अॅनालॉग मोजता येत नाही. बोर्ड रुंद असल्याने एका ब्रेडबोर्डवर वायर लावायला जागा उरत नाही. दोन ब्रेडबोर्ड शेजारी ठेवून मधे बसवावा.

ओलाव्याच्या सेन्सरबद्दल मात्र आग्रहाने लिहितो, कारण कापूस, तूर, संत्र्याच्या मुलखात मुलांना आधी तोच हवा असतो. दोन पात्यांचा, रेझिस्टन्स मोजणारा सेन्सर घेऊच नये. सतत वीज दिली की पात्यांवरचे तांबे पाण्यात विरघळते आणि तो थोड्याच दिवसांत खोटे बोलू लागतो. घेतला असेलच तर त्याची वीज एका डिजिटल पिनवरून द्यावी, मोजण्यापुरती चालू, मग बंद. कपॅसिटिव्ह प्रकार टिकतो, पण त्यातही सावध राहावे. त्यावरच्या चिपवर टीएलसी५५५ लिहिले आहे की एनई५५५, ते भिंगातून पाहावे. एनई५५५ ला किमान ४.५ व्होल्ट लागतात आणि सेन्सरवरचा रेग्युलेटर ३.३ च देतो, त्यामुळे आकडा हलतच नाही. सेन्सरच्या कापलेल्या कडेतून आत पाणी शिरते, म्हणून कडांना आणि वरच्या भागांना नेलपेंटचे दोन हात द्यावेत. वापरण्याआधी हवेत आणि ग्लासभर पाण्यात धरून दोन आकडे लिहून घ्यावेत. नॅनोवर हवेत साधारण सहाशे आणि पाण्यात तीनशेच्या आसपास येतात. प्रत्येक नगाचे वेगळे असतात, पुस्तकातले आकडे घालू नयेत. आणि आपल्या काळ्या मातीचा स्वभाव पुस्तिकेत कुठेच नसतो : ती सुकताना भेगाळते, सेन्सरभोवती फट पडते, फटीत हवा असते आणि खाली वीतभर ओल असूनही सेन्सर ‘कोरडे’ म्हणतो. भेग पडली की सेन्सर काढून हातभर बाजूला, माती दाबून, पुन्हा रोवावा.

हे चालू झाले की घरून हमखास प्रश्न येतो, याने विहिरीवरची मोटार चालू होईल का. इथे शाळेने ठाम राहावे. साठ रुपयांच्या रिलेने पाच हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार चालवायची नसते. ते काम स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरचे, म्हणजे जड करंटच्या स्विचचे. रिले फार तर स्टार्टरच्या बटणाच्या सर्किटमध्ये बसतो आणि तेही वायरमनच्या हातून. शाळेत बारा व्होल्टच्या वर काही जोडू नये. हा नियम प्रयोगशाळेच्या भिंतीवर ठळक लिहावा.

‘चिनी डुप्लिकेट माल सरकारी शाळेत कसा घ्यायचा’, असा आक्षेप बैठकीत येईल म्हणून त्याचेही बोलू. अर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया गावी सुरू झाले आणि त्या बोर्डांचे नकाशे पहिल्यापासून खुले आहेत. कोणीही तसा बोर्ड बनवून विकू शकतो. नाव आणि चिन्ह तेवढे त्यांचे आहे. म्हणून निविदेत ‘सुसंगत बोर्ड’ मागावा आणि ज्यावर परवानगीशिवाय ते चिन्ह छापले आहे तो परत करावा. देशी हवा असेल तर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेने आपल्या वेगा प्रोसेसरवरच्या तेजस३२ चिपभोवती एरीस नावाचे बोर्ड बनवले आहेत आणि तेही अर्डुइनोच्याच सॉफ्टवेअरमधून चालतात. काही नग घेऊन पाहायला हरकत नाही. ज्या शाळेला पायथन शिकवायचे आहे तिने रास्पबेरी पाय पिको घ्यावा. जानेवारी २०२१ मध्ये तो चार डॉलरला आला. बटण दाबून यूएसबी लावले की पेन ड्राइव्हसारखा दिसतो, त्यात मायक्रोपायथनची एक फाइल टाकली की तयार.

बोर्ड मुलांच्या घरी गेले तर परत येतील का, ही शंकाही रास्त आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीने २०१६ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांना मायक्रोबिट नावाचा बोर्ड दिला, तो कायमचा ठेवून घेण्यासाठी. आपण निदान शनिवारी नेऊन सोमवारी आणायची मुभा द्या. तासिकेच्या पस्तीस-चाळीस मिनिटांत ब्रेडबोर्ड लावून होईपर्यंत घंटा होते. खरे काम घरी होते.

यात घाई अशासाठी की केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांत पाच वर्षांत पन्नास हजार अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू करून पाहण्याच्या प्रयोगशाळा) उभारण्याची घोषणा आहे. आपल्या वाट्याच्या लॅब येतील तेव्हा याच निविदेच्या अटी उचलून वापरल्या जातील. चुकीच्या अटी आता बदलल्या नाहीत तर त्या कायमच्या बसतील.

आमच्या मागण्या :

१. दुसऱ्या टप्प्याचा पुरवठा आदेश थांबवावा. पहिल्या टप्प्यातल्या किती पेट्या वापरात आहेत, किती बंद आणि किती नुसत्या कपाटात, याची शाळानिहाय यादी आधी जाहीर करावी.

२. सर्व शाळांना लिथियम बॅटऱ्या तपासून फुगलेल्या वेगळ्या करण्याचे पत्र याच आठवड्यात काढावे आणि त्या तालुक्याला गोळा करण्याची सोय करावी.

३. निविदेत कंपनीचे सॉकेट, कंपनीचे अॅप, ‘किमान इतके उपक्रम’ अशा अटी नकोत. चिपचे नाव, २.५४ मिलिमीटरच्या साध्या पिना, खुला नकाशा आणि इंटरनेटशिवाय चालणारे मोफत सॉफ्टवेअर, एवढेच मागावे.

४. बोर्ड, सेन्सर, वायरी, मोटारी यांची नोंद खर्ची पडणाऱ्या साहित्यात व्हावी. डेड स्टॉकला फक्त मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न. जळालेला भाग विज्ञान शिक्षकाच्या सहीने वजा व्हावा, वसुलीचा प्रश्न येऊ नये. ही एक मागणी मान्य झाली तर जुन्या पेट्याही कपाटाबाहेर येतील.

५. सुट्या भागांसाठी दर वर्षी शाळेला पाच हजार रुपये शाळा व्यवस्थापन समितीमार्फत खर्च करू द्यावेत. नागपुरात बर्डीवर, अमरावतीत किंवा ऑनलाइन, जिथे स्वस्त मिळेल तिथून. पावती पुरावी.

६. पुरवठा जूनअखेर ते जुलैमध्ये घ्यावा. ते जमत नसेल तर वॉरंटी शाळा उघडल्यापासून मोजावी, तसे करारात लिहून घ्यावे.

७. तीन दिवसांचे प्रशिक्षण, ज्यात प्रत्येक शिक्षक स्वतः सोल्डर करील, चुकीचे सर्किट दुरुस्त करील आणि संच घरी घेऊन जाईल. मराठी पुस्तिका आम्ही लिहून देतो, मानधन नको.

८. माल स्वीकारताना प्रत्येक बोर्डाची चाचणी व्हावी : डेटा केबल लावणे, पोर्ट दिसतो का पाहणे, ब्लिंक (बोर्डावरचा दिवा उघडझाप करणारा) प्रोग्रॅम चढवणे, पाच व्होल्टच्या पिनवर ४.५ ते ५.१ च्या दरम्यान व्होल्टेज आहे का मोजणे, एका बोटाने रेग्युलेटर तापतो का पाहणे. सरावलेल्या माणसाला बोर्डामागे दोन-तीन मिनिटे लागतात. तालुक्याला दोन शिक्षक आणि एक आयटीआय निदेशक दिला तर हे काम एका दिवसात होते, आणि त्यांच्या सहीशिवाय बिल निघू नये.

पुरवठा आदेशावर सही होण्याआधी आम्हाला आपल्या सभागृहात दोन तास द्यावेत. एका टेबलावर आपली पेटी, दुसऱ्यावर वरच्या यादीतला एक संच. दोन्हींवर आठवीची दोन-दोन मुले बसवू, दोन्ही टेबलांवर एक-एक वायर मुद्दाम काढून ठेवू आणि समितीच्या सदस्यांनी मुलांकडूनच काय ते विचारून घ्यावे. तारीख कळवावी.

आपले,
तालुक्यातील विज्ञान शिक्षक, आयटीआय निदेशक व इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती कारागीर